ऑप्शन चेनमध्ये कुणाचंही मन दिसत नाही

‘ऑप्शन चेन म्हणजे बाजाराचा एक्स-रे’ असा मेसेज फिरतोय. ऑप्शन चेन म्हणजे ऑप्शन सौद्यांचे भाव आणि आकडे दाखवणारा तक्ता. कॉल म्हणजे ठरल्या भावाला (स्ट्राइक) घेण्याचा हक्क, पुट म्हणजे विकण्याचा; त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम, मुदत संपते तो दिवस एक्स्पायरी. त्यात चार सूत्रं आहेत. पीसीआर (कॉलच्या तुलनेत पुटचे उघडे सौदे) १ च्या वर गेला की तेजी. सर्वात जास्त कॉल ओआय (उघडे सौदे) जिथे, तिथे भिंत, भाव त्यावर जाणार नाही. एक्स्पायरी मॅक्स पेनवरच, म्हणजे ऑप्शन विकणाऱ्यांना सगळ्यात कमी पैसे द्यावे लागतात त्या भावावरच होणार. आणि प्रीमियमबरोबर ओआय वाढला की मोठे लोक घेताहेत, त्यांच्यामागे जा. धाकट्या मेव्हण्याने हे वाचून ठेव मोडली, म्हणून लिहितोय. एरवी न वाचताच पुसून टाकला असता.

शेवटचं सूत्र आधी घेतो, खिसा तेच कापतं. ओआय म्हणजे अजून उघडे असलेले सौदे. एका स्ट्राइकला एक लाख ओआय दिसला, तर एक लाख कुणीतरी घेतलेत आणि तेवढेच कुणीतरी विकलेत. कोण कुठल्या बाजूला आहे, हे त्या तक्त्यात नसतंच. मग ‘मोठे लोक’ दिसले कुठून?

१७ जानेवारी २०२४ घ्या. बँक निफ्टीची (बँकांच्या शेअरांचा निर्देशांक) एक्स्पायरी होती, आणि आदल्या संध्याकाळच्या एचडीएफसी बँकेच्या निकालांमुळे बाजार पडून उघडला होता. सेबीच्या ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशानुसार जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीने त्या सकाळी बँक निफ्टीतले शेअर आणि फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) मिळून सुमारे ४,३७० कोटींची खरेदी केली. त्या आधाराने कॉल महाग राहिले, पुट स्वस्त. त्याच वेळी त्यांनी कॉल विकले, पुट घेतले, तेही त्या खरेदीच्या कितीतरी पट. पुढे शेअर विकून टाकले. शेअर-फ्युचर्समध्ये तोटा ६१.६ कोटी, ऑप्शनमध्ये नफा ७३४.९३ कोटी. कंपनीला हे आरोप मान्य नाहीत, ती अपिलातही गेली आहे. पण त्या सकाळी मेसेजचं सूत्र लावून बघा. प्रीमियम चढतोय, ओआय चढतोय, म्हणजे मोठे लोक तेजीत! मोठे लोक समोर बसून तेच कॉल विकत होते. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं, आणि असे मेसेज वाचणारे आयते हजर असतात.

त्याच आदेशात आहे की त्या दिवशी बँक निफ्टीच्या ऑप्शनची उलाढाल त्यातल्या शेअरांच्या उलाढालीच्या ३५३ पट होती. आणि म्हणे बाजाराचा एक्स-रे.

बाकीचं पटकन. पीसीआर १.४ झाला की एक जण म्हणतो ‘पुट विकणारे निर्धास्त आहेत, तेजी’, दुसरा म्हणतो ‘लोक घाबरून पुट घेताहेत, मंदी’, तिसरा म्हणतो ‘फार ताणलंय, आता उलटेल’. संध्याकाळी तिघांपैकी एक बरोबर ठरतो आणि स्क्रीनशॉट टाकतो. शिवाय हातातले शेअर सांभाळायला पुट घेणारा फंडही त्याच आकड्यात मोजला जातो, त्याला मंदीवाला कसं म्हणणार? भिंतीचं म्हणाल, तर भाव जवळ आला की कॉल विकणारे घाबरून ते परत घेऊन सौदे कापतात आणि त्या खरेदीनेच भाव आणखी वर जातो. मॅक्स पेन हे गणित सगळे रायटर (ऑप्शन विकणारे) म्हणजे एकच माणूस आहे असं धरून चालतं, त्यांचं हेजिंग (तोटा झाकायला केलेले उलटे सौदे) मोजत नाही, आणि दिवसभर जागा बदलत राहतं.

सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. चेन तर त्या सगळ्यांना फुकट दिसत होती.

बरं, एक गोष्ट मान्य करतो. प्रीमियममधून बाजार किती हलेल याचा अंदाज खरंच मिळतो. चालू भावाच्या कॉल आणि पुटची किंमत जोडली की एक्स्पायरीपर्यंतची साधारण हालचाल कळते. निवडणूक निकालाआधी इंडिया व्हिक्स (बाजार किती हलेल याचा अंदाज मोजणारा निर्देशांक) चढतो तो त्यामुळेच. पण किती हलेल एवढंच, कुठे हलेल ते नाही. आणि कोण कुठल्या बाजूला हे बघायचंच असेल, तर एनएसई रोज बाजार बंद झाल्यावर परदेशी संस्था, देशी संस्था, प्रॉप (स्वतःच्या पैशाने सौदे करणारे ब्रोकर) आणि क्लायंट (बाकीचे ग्राहक) अशी ओआयची विभागणी देते. त्यातही स्ट्राइक दिलेले नसतात.