पहिल्या घासापासून दोन तास

मधुमेहामुळे माणसाच्या मनाला किती ताप होतो, हे मोजायला तज्ज्ञांनी १७ प्रश्नांची एक प्रश्नावली केली आहे. प्रत्येक प्रश्नाला १ ते ६ गुण. मनावरचं ओझं, डॉक्टरांबद्दलची कुरकुर, पथ्यपाण्याचा कंटाळा आणि आजूबाजूच्यांचा जाच असे तिचे चार कप्पे. मला विचाराल तर पाचवा कप्पा राहूनच गेला: फास्टिंगचं म्हणजे उपाशीपोटीचं रक्त दिल्यापासून पीपीचं म्हणजे खाल्ल्यानंतरचं रक्त देईपर्यंतचा वेळ. त्याला मी डोळे झाकून ६ पैकी ६ देईन.

तयारी आदल्या रात्रीपासून. नियम तसा साधा आहे. आठ ते दहा तास पोटात पाण्याखेरीज काही जाऊ द्यायचं नाही. रात्री साडेनऊला जेवलात तर सकाळी साडेसातला लॅबमध्ये हजर. पण रिपोर्ट चांगला यावा म्हणून लोक संध्याकाळी सहालाच अर्धी भाकरी खाऊन तोंडाला कुलूप लावतात, आणि सकाळी आकडा येतो १५६. ‘अहो, काही खाल्लंच नाही, मग साखर आली कुठून?’ घरातूनच आली. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत कोठारातली साखर रक्तात सोडायला लागतं. निरोगी माणसाचं इन्शुलिन तिला आवर घालतं, आपलं मात्र हात वर करतं. उपास लांबवला की आकडा उतरतो, हे यकृताला कुणी कळवलेलं नाही.

त्यात डिसेंबर-जानेवारीचं नाशिक. पारा दहाच्या खाली, गंगापूर रोडवर धुकं, आणि चहा बंद. ‘बिनसाखरेचा घोटभर चालेल ना?’ नाही चालणार. दुधातही साखर असतेच. पाणी मात्र चालतं, नव्हे, प्यायलाच हवं. पाणीसुद्धा वर्ज्य समजून कोरडे ठणठणीत आलेले लोक थंडीत आखडून बसतात, शिरा आत दडी मारतात आणि नमुना घेणारी मुलगी ‘काका, मूठ आवळा... सोडा... दुसरा हात बघू’ करत राहते. दोन भांडी पाणी प्या आणि तळहात एकमेकांवर चोळून हात गरम ठेवा, एका टोचणीत काम होतं. सुई निघाल्यावर कापूस दाबून धरा, पण हात सरळ ठेवून, दोनतीन मिनिटं. कोपर दुमडून बसलात की दुसऱ्या दिवशी तिथे हिरवानिळा नकाशा उमटतो.

रक्त कोणत्या नळीत जातंय तेही बघा. साखरेसाठी राखाडी झाकणाची नळी हवी. तिच्यात फ्लोराइड असतं. नुसत्या नळीत रक्तपेशी आपला नाश्ता चालूच ठेवतात आणि दर तासाला पाचसहा टक्के साखर फस्त करतात. घरी येऊन नमुना नेणारा मुलगा इंदिरानगर, पाथर्डी फाटा, पंचवटी करत चार तासांनी लॅबला पोचला आणि नळी भलतीच असली, तर तुमची साखर वाटेतच सुधारलेली असते. अशा रिपोर्टवर लोक पेढे वाटतात.

आता खरी परीक्षा. ‘नाश्ता करून दोन तासांनी या,’ असं सांगून काउंटरवरचा माणूस पुढच्याला हाक मारतो. दोन तास कुठून मोजायचे, ते तो सांगत नाही. मोजायचे पहिल्या घासापासून. हात धुतल्यापासून नाहीत, बिल दिल्यापासून तर नाहीतच. पहिला घास ८.२० ला, तर सुई १०.२० ला. आणि नाश्ता नेहमीचा. रोज पोहे खात असाल तर पोहे, पोळी-भाजी खात असाल तर पोळी-भाजी, तेवढीच. सकाळची गोळी उपाशीपोटी न घेता नेहमीसारखी नाश्त्याबरोबर. ती घरच्या टेबलावर राहिली की पीपी फुगते आणि डॉक्टर त्या फुगलेल्या आकड्यावर डोस वाढवतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनी त्या सकाळचं गणित आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

एवढं साधं असतं तर मी लेख लिहिला नसता. कॅनडा कॉर्नर, पंडित कॉलनीच्या बाजूला दवाखाने आणि लॅब जितक्या, तितकीच खायची ठिकाणं. उपाशी माणूस बाहेर पडला की त्याचे दोन पंथ होतात.

पहिला पंथ पुण्यवानांचा. हे लोक त्या दिवशी दोन उकडलेली अंडी खातात, वर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारतात आणि पीपी १३२ आणून दाखवतात. चालल्याने साखर उतरते हे खरंच आहे, स्नायू ती वापरतात. जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं रोज चाललात तर ते औषधच. पण तीन महिन्यांतून एकदा, तेही लॅबच्या दारात? ही ताकाला जाऊन भांडं लपवण्याची तऱ्हा झाली.

दुसरा पंथ मिसळवाल्यांचा. ‘आज रक्त दिलंय, आज चालतं.’ मटकीला इथे कुणी नावं ठेवू नयेत. मोड आलेलं कडधान्य, प्रथिनं आहेत, तंतू आहेत. घात करतो पाव. लादीतल्या एका पावात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे चार पावांत ६०, आणि ताटात कोपऱ्यात बसलेली जिलबी वेगळीच. यातली गंमत अशी की तर्रीच्या तेलाने पोट सावकाश रिकामं होतं. दुसऱ्या तासाला आकडा त्यामानाने बरा दिसतो आणि खरी उसळी तिसऱ्या तासाला येते, तेव्हा माणूस घरी सोफ्यावर डुलक्या घेत असतो. मिसळ निर्दोष सुटली, या आनंदात पुढचे तीन महिने दर रविवारी चार पाव.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक संकट: निफाड-दिंडोरीकडचे पाहुणे. द्राक्षांची पेटी ठेवून ‘घरच्या बागेतली आहेत, यांनी काही होत नाही,’ म्हणतात. याच गृहस्थांनी तोडणीआधी रिफ्रॅक्टोमीटर लावून १८ ब्रिक्स मोजलेलं असतं. म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर, आणि हे त्यांच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नसतं. पंधराएक मणी मोजून खावेत आणि पेटी शेजारी द्यावी.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल आणि रांगेत घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर चाचणीचं तोंडही बघायचं नाही. साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. खिशात साखरेची पुडी हवी, चॉकलेट नको. त्यातली चरबी साखरेला रक्तात लवकर पोचू देत नाही.

दुपारी रिपोर्ट मोबाइलवर येतो. फास्टिंग ११८, बाजूला ठळक अक्षरात ‘एच’, म्हणजे ‘हाय’. घरात सुतक. कुटुंबाच्या ग्रुपवर तो पडतो आणि कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड असा आहेर सुरू होतो. कुणी लक्षात घेत नाही की कागदावर छापलेली ७० ते १०० ही मर्यादा मधुमेह नसलेल्यांची आहे. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, एवढं लक्ष्य पुरतं. ११८ ला खरं तर शाबासकी द्यायला हवी. पण मशीनला माणूस कोण ते माहीत नसतं, ते सगळ्यांनाच ‘एच’ लावतं.

संध्याकाळी डॉक्टर कागद हातात घेतात. हिमोग्लोबिन बघतात, कारण रक्त कमी असलं की साखरेची तिमाही सरासरीही फसवी येऊ शकते. मग कागद उलटतात, पालटतात.

‘एचबीएवनसी, ती तीन महिन्यांची सरासरी, कुठंय? मला तेच बघायचं होतं. करून आणा. त्याला उपाशी राहावं लागत नाही, दुपारी जेवून गेलात तरी चालतं.’