शेवटच्या एका मिनिटाच्या आधीचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली. चार ओळीत उत्तर देऊन मोकळी होणार होते, पण तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंय आणि काही मुद्दे खरंच विचार करायला लावणारे आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तो होता ट्रेव्हॉन मार्टिनच्या केसवर. फ्लॉरिडात सॅनफर्ड नावाचं गाव आहे, २६ फेब्रुवारी २०१२ ला संध्याकाळी तिथल्या एका गेटेड कॉलनीत जॉर्ज झिमरमन या २८ वर्षांच्या माणसाने ट्रेव्हॉनला, म्हणजे १७ वर्षांच्या एका काळ्या मुलाला, गोळी घातली आणि स्वसंरक्षणासाठी घातली असं सांगितलं. पोलिसांनी चौकशी करून त्याच रात्री त्याला घरी सोडलं. आम्ही तेव्हा ऑरलँडोत राहायचो, तिथून गाडीने जेमतेम अर्धा तास. केस कोर्टात उभी राहीपर्यंत आणि त्यानंतर माझ्या आजूबाजूची माणसं कशी बोलत होती, कशी वागत होती ते मी लिहिलं होतं.

त्यावर तुमचं म्हणणं असं की मी मीडियाच्या नादाला लागून निर्दोष सुटलेल्या माणसाला परत आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेय, जमावाने दबाव आणला म्हणूनच केस झाली, आणि डोकं सिमेंटवर आपटलं जात असताना माणसाने काय पोलिसांची वाट बघत बसायचं का. शिवाय आपल्याकडेही फ्लॉरिडासारखा 'स्टँड युअर ग्राउंड' कायदा (हल्ला झाला तर मागे हटायचं बंधन नाही असं सांगणारा) हवा, नाहीतर स्वतःला वाचवणारा माणूसच आयुष्यभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. आणि शेवटी विचारलंत की माझ्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत असं झालं असतं तर मी काय केलं असतं. त्याचंही उत्तर देते, पण शेवटी.

एक गोष्ट आधीच मान्य करते. निकाल मी नाकारत नाही. १३ जुलै २०१३ ला सहा बायकांच्या ज्युरीने (निकाल देणारे सामान्य नागरिक) सोळा तासांहून जास्त चर्चा करून त्याला सोडलं, त्यांच्यासमोर जो पुरावा आला आणि जो कायदा त्यांना वाचून दाखवला त्यात दुसरं काही करणं अवघडच होतं. नाक फुटलेलं होतं, डोक्याच्या मागे जखमा होत्या, मुलगा वर आणि झिमरमन खाली होता असं बघितलेला साक्षीदार होता. हे सगळं मूळ लेखात यायला हवं होतं, आलं नाही, ती चूक माझी. पण ज्युरीने त्याला सोडलं याचा अर्थ त्याने त्या संध्याकाळी सगळं बरोबर केलं असा होत नाही ना. सरकारी पक्षाला संशयापलीकडे सिद्ध करता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्युरीतलीच एक बाई नंतर टीव्हीवर येऊन म्हणाली की तो खून करून सुटला असं तिला वाटतं, पण कायद्यात बसवता येईल एवढा पुरावा नव्हता. आता तीही मीडियाच्या नादाला लागली म्हणायचं का?

आता जमावाबद्दल. तुम्ही लिहिलंय की हजारो लोक रस्त्यावर उतरले म्हणून सरकार झुकलं. उतरले, खरंय. २१ मार्चला न्यूयॉर्कमध्ये ट्रेव्हॉनच्या अंगात होती तशी हुडी (टोपीचा स्वेटशर्ट) घालून मोर्चा निघाला, ट्रेव्हॉनच्या आईवडिलांच्या ऑनलाइन अर्जावर वीस लाखांच्या वर सह्या झाल्या. पण ती माणसं मागत काय होती ते बघा ना. त्याला फाशी द्या असं त्या अर्जात नव्हतं. अटक करा आणि केस कोर्टात न्या, एवढंच होतं. दीड महिना तेवढंही झालं नव्हतं. पोलिसांचं म्हणणं होतं की कायद्यामुळे आमचे हात बांधलेत, स्वसंरक्षणाचा दावा खोटा वाटावा असं काही हाती नसताना अटक करता येत नाही. मग गव्हर्नरने अँजेला कोरी यांना विशेष सरकारी वकील नेमलं आणि ११ एप्रिलला सेकंड डिग्री मर्डरचा (आधी ठरवून न केलेल्या खुनाचा) आरोप ठेवला गेला.

तुम्ही नागपूरचे आहात असं लिहिलंत म्हणून सांगते. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबा नगरच्या बायकांनी वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा कोर्टाच्या आवारातच संपवलं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून ऐकलं असणार. वर्षानुवर्षं तक्रारी करून कुणी ऐकलं नाही तेव्हा माणसं कोर्टात शिरून स्वतःच निकाल लावतात. त्या बायकांवर काय गुजरलं होतं ते माहीत असल्यामुळे त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण सॅनफर्डचे लोक उलट म्हणत होते, की कोर्टाचं दार उघडा, आम्ही बाहेर थांबतो. आणि ते खरंच थांबले. निकाल विरुद्ध गेला त्या रात्री ओकलंडला काचा फुटल्या, पण सॅनफर्ड शांत राहिलं. याला तुम्ही जमावाची दादागिरी म्हणता ते मला पटत नाही.

हां, दोन्ही बाजूंनी घाण झाली हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. एका संघटनेने झिमरमनला पकडून देणाऱ्याला दहा हजार डॉलर जाहीर केले, एका मोठ्या दिग्दर्शकाने त्याचा म्हणून भलताच पत्ता ट्विटरवर पसरवला आणि दोन म्हाताऱ्या माणसांना घर सोडून हॉटेलात जाऊन राहावं लागलं, एनबीसी या टीव्ही वाहिनीने पोलिसांच्या फोनचं रेकॉर्डिंग असं कापून लावलं की तो आपणहून मुलाच्या रंगाबद्दल बोलतोय असं वाटावं, खरं तर डिस्पॅचरने (पोलिसांकडे आलेला फोन घेणाऱ्याने) विचारलं होतं म्हणून तो बोलला होता. हे सगळं वाईट आणि त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण दुसऱ्या बाजूने काय चाललं होतं तेही लिहा ना. मेलेल्या पोराचं शाळेतलं रेकॉर्ड बाहेर काढलं, भलत्याच कुणाचे फोटो त्याचे म्हणून फिरवले, टीव्हीवर एक जण म्हणाला की त्याच्या मृत्यूला हुडीसुद्धा जबाबदार आहे. हे आपल्याला ओळखीचं नाही का? मुलीवर अत्याचार झाला की तिने काय घातलं होतं हे विचारणारी माणसं आपल्या घरातसुद्धा असतात. आणि पुढे खटल्यात त्याची मैत्रीण साक्षीला आली, ती शेवटपर्यंत त्याच्याशी फोनवर बोलत होती, तिने सांगितलं की कुणीतरी माणूस आपल्या मागे लागलाय असं तो म्हणत होता. तिच्या बोलण्याची, दिसण्याची इंटरनेटवर एवढी टिंगल झाली की ती काय सांगतेय हे बाजूलाच राहिलं.

आता मुख्य मुद्दा, डोकं आपटलं जात असताना माणसाने काय करायचं. त्या मिनिटाला तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. त्या मिनिटाला कुणीही जीव वाचवेल. माझं भांडण त्या मिनिटाशी नाहीच आहे, त्याच्या आधीच्या सात-आठ मिनिटांशी आहे. मुलगा दुकानातून स्किटल्सच्या गोळ्या आणि सरबताचा कॅन घेऊन, वडील जिथे राहायला आले होते त्या घरी परत चालला होता, पाऊस पडत होता. झिमरमन गाडीत होता. कॉलनीत आधी घरफोड्या झाल्या होत्या, त्यामुळे त्याला संशय आला, इथपर्यंत मी समजू शकते. त्याने पोलिसांना फोन केला, तेही योग्य. मग तो गाडीतून उतरला. डिस्पॅचरने विचारलं तुम्ही त्याच्या मागे जाताय का, तो म्हणाला हो, त्यावर तिकडून सांगितलं की तसं करायची आम्हाला गरज नाही. पोलीस निघालेलेच होते. आणि गोळी झाडल्यावर एक-दोन मिनिटांत ते पोचलेसुद्धा. दोन मिनिटं दादा! तो गाडीत बसून राहिला असता तर मुलगा घरी गेला असता, पोलिसांनी येऊन विचारपूस केली असती आणि आज त्या दोघांचीही नावं आपल्याला माहीत नसती.

कोर्टात या मिनिटांचं काय झालं? बचाव पक्षाने स्टँड युअर ग्राउंडची खटल्याआधीची वेगळी सुनावणी घेतलीच नाही, त्यामुळे तुम्ही जे लिहिलंय की त्या कायद्याचा या केसशी संबंधच नव्हता, ते अर्धं खरं आहे. पण ज्युरीला ज्या सूचना वाचून दाखवल्या त्यात २००५ च्या त्या कायद्याची भाषा होतीच, की जिथे असण्याचा त्याला हक्क होता तिथे त्याच्यावर हल्ला झाला असेल तर मागे हटायचं बंधन त्याच्यावर नव्हतं. आणि मागावर जाऊन त्यानेच भांडण ओढवून घेतलं का, या प्रश्नावर ज्युरीला सूचना द्यावी असं सरकारी वकील म्हणत होते, ते न्यायाधीशांनी मान्य केलं नाही, कारण कुणाच्या मागे चालणं हा काही गुन्हा नाही. म्हणजे सहा बायकांच्या हातात शेवटचं मिनिट तेवढं ठेवलं आणि म्हणाले याच्यावर ठरवा. माझा राग आहे तो त्या कायद्यावर, त्या बायकांवर नाही.

आपल्याकडे असा कायदा हवा म्हणता, पण आपला कायदा वाटतो तितका दुबळा नाही. आयपीसीची (जुन्या भारतीय दंड संहितेची) कलमं ९६ ते १०६, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा खराखुरा धोका असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हक्क आपल्यालाही आहे. हल्ला झाल्यावर पळूनच जायला पाहिजे असं आपलीही कोर्टं म्हणत नाहीत, आणि जीव धोक्यात असलेल्या माणसाने किती जोर लावला हे सोन्याच्या तराजूत तोलू नये असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. फक्त आपल्याकडे जुनं कलम ९९, आताचं ३७, काय सांगतं ते वाचा. सरकारी यंत्रणेची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचीही मुभा नाही. आपल्या कोर्टात पहिला प्रश्न आला असता की फोन तर तू केला होतास, पोलीस येतच होते, मग गाडीतून उतरलास कशाला? आणि हक्क होता पण मर्यादा ओलांडली असं ठरलं तर आपल्याकडे मधला रस्ता आहे, खून नाही तर सदोष मनुष्यवध. मला हे त्या फ्लॉरिडाच्या कायद्यापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

तुमची खरी तक्रार कायद्याबद्दल नाहीये, केस वीस वीस वर्षं चालते त्याबद्दल आहे, आणि तिथे मी तुमच्याबरोबर आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपले आजोबा उगाच म्हणत नव्हते. पण म्हणून केसच होऊ नये, अटकच होऊ नये, असा कायदा आणला तर त्याचा फायदा तुमच्या-माझ्यासारख्याला होईल हे कशावरून? फ्लॉरिडातच बघा. हा कायदा आल्यानंतर तिथले खून सुमारे २४ टक्क्यांनी वाढले असं २०१७ मध्ये एका मेडिकल जर्नलमधल्या अभ्यासात आलं. आणि २०१० साली जॅक्सनव्हिलमध्ये एका काळ्या बाईने मारहाण करणाऱ्या नवऱ्याला घाबरवायला गोळी झाडली, कुणाला लागलीसुद्धा नाही, तरी तिला स्टँड युअर ग्राउंडचा फायदा मिळाला नाही आणि २०१२ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. खटला चालवणारं ऑफिस त्याच अँजेला कोरी यांचं. पुढे अपिलात तो निकाल रद्द झाला, पण तोवर तिची वर्षं गेलीच.

आता एक घरचं सांगते. ट्रेव्हॉनच्या घटनेच्या आदल्या हिवाळ्यात बाबा साताऱ्याहून आमच्याकडे आले होते. रात्री जेवल्यावर शतपावलीला जायची त्यांची सवय, डोक्याला कानटोपी, हात पाठीमागे बांधलेले. एकदा आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये एक माणूस गाडी अगदी हळू चालवत त्यांच्या मागे मागे आला आणि काच खाली करून कुठल्या घरी राहता विचारायला लागला. बाबांना त्याचं इंग्रजी कळेना, त्यांनी नुसता आमच्या घराकडे हात केला, तो सॉरी म्हणून निघून गेला. घरी येऊन बाबा म्हणाले, इथला वॉचमन गाडीतून फिरतो वाटतं. आम्ही तेव्हा हसलो होतो. एप्रिलमध्ये जामिनाच्या सुनावणीत झिमरमन ट्रेव्हॉनच्या आईवडिलांची माफी मागताना म्हणाला की तो किती वर्षांचा आहे हे मला माहीत नव्हतं, त्याच्याकडे हत्यार आहे की नाही तेही माहीत नव्हतं, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून बाबांचाच विचार करत होते. बाबा घाबरून पळाले असते तर? चिडून हातातली काठी उगारली असती तर? तो माणूस वाईट नव्हता हो, त्यालाही भीतीच वाटली असणार.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. माझा मुलगा तेव्हा पंधराचा होता आणि तुम्ही प्रश्न विचारताना त्याला जमिनीवर पडलेल्या माणसाच्या जागी ठेवलंत. मला तो नेहमी दुसऱ्या जागी दिसतो, हुडी घालून पावसात घरी चाललेला, कानाला फोन. पण तुमच्या पद्धतीनेही उत्तर देते. कुणी माझ्या मुलाच्या उरावर बसून त्याचं डोकं आपटत असेल आणि माझ्या हातात बंदूक असेल तर मी चालवीन, खोटं कशाला बोलू. आणि नंतर कोर्टात उभी राहून सगळं सांगीन, आम्ही घरातून कधी निघालो, गाडी कुठे थांबवली, कोण कुणाच्या मागे गेलं, सगळं, आणि समोर बसलेल्या त्या दुसऱ्या आईला वाटेल ते विचारू देईन.

मूळ लेखात जखमांचा आणि साक्षीदाराचा भाग आज वाढवला आहे. वेळ झाला तर परत वाचा आणि अजून काही राहिलं असेल तर लिहा.