राउंड फिगर

आमच्या मोटारीला पेट्रोलचा वास येतो, हे सर्वांत शेवटी मला समजले. मोटार माझी आणि नाकही माझेच, पण दोन्ही जुनी असल्यामुळे ती एकमेकांना सरावलेली होती. पहिली तक्रार सौ.ने केली. स्वयंपाकघरात बसून गल्लीच्या टोकाला कोणाची आमटी करपली हे सांगणारे तिचे नाक आहे, त्यामुळे तिच्या बऱ्याच तक्रारींप्रमाणे हीदेखील मी 'पाहू' या सदरात टाकली. दुसरी तक्रार पेपर टाकणाऱ्या मुलाची होती. एरवी तो फाटकाबाहेरूनच अंक भिरकावतो. त्या दिवशी तो पोर्चपर्यंत आला, थबकला आणि म्हणाला, "पेट्रोल वासनी बराकत्तैत्री, साहेब्र." आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत एखादी बातमी एकाच भाषेत कानावर आली तर ती अफवा समजतात, मराठी आणि कन्नड अशी दोन्हींकडून आली की तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

मोटार 2008 सालची, केए 22 पासिंगची आणि माझ्या नोकरीतील शेवटच्या पगारवाढीची एकमेव खूण. मी तीस-बत्तीस वर्षे हिशेबनीस म्हणून काढली. दुसऱ्यांच्या रकमा पैशापर्यंत जुळवण्यात आयुष्य गेल्यामुळे स्वतःच्या घरखर्चाच्या वहीत मला पैसे मुळीच खपत नाहीत. तेथे आकडा कसा राउंड फिगर हवा. हा स्वभावदोष आता सांगून ठेवतो, कारण पुढे तो पुराव्यात येणार आहे.

मी मोटारीखाली वाकून पाहिले. फरशी कोरडी होती. एक थेंब नव्हता. गळती दिसली असती तर खाली बादली ठेवता आली असती. वासाखाली काय ठेवणार? चौकशी केल्यावर कळले की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती धुरासारखी वर निघून जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागा दिसली की तेथे बसून राहते. आमचा पोर्च रस्त्याहून दोन पायऱ्या खाली आहे, कारण प्रत्येक डांबरीकरणाला रस्ता वर चढत गेला आणि घर होते तेथेच राहिले. हवेत या वाफेचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले, तर तिला फक्त एक ठिणगी पुरते. ही माहिती मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली, ही चूक झाली. त्याच संध्याकाळी सौ.ने पोर्चशेजारची सांजवात गच्चीवर हलवली, तुळशीसकट. कुंडी अर्थातच मी उचलली.

दुसऱ्या दिवशी मोटार शहापुरातल्या आमच्या जुन्या मेस्त्रींकडे नेली. रेल्वे गेटला वीस मिनिटे थांबून, धूळ खात, मी तेथे पोहोचलो. मेस्त्रींनी बोनेट उघडले, नाक आत घातले, उजवीकडे नेले, डावीकडे नेले आणि मान वर करून विचारले, "कुठं ओ वास येऊलालाय? मला तर काय बी येईना." खरोखरच वास नव्हता. घरी वास, गॅरेजात गायब. पाहुण्यांसमोर एकाएकी शहाणी होणारी मुले मी पाहिली आहेत; पण सोळा-सतरा वर्षांच्या मोटारीकडून माझी ही अपेक्षा नव्हती.

याचे कारण मला फार उशिरा समजले, पण ते इथेच सांगणे बरे. टाकीतल्या पेट्रोलची सतत वाफ होत असते आणि ती उघड्यावर सोडून चालत नाही, म्हणून ती एका नळीने बोनेटखालच्या काळ्या डब्यात नेतात. या डब्याला कॅनिस्टर म्हणतात आणि त्यात भाजून सच्छिद्र केलेला कोळसा असतो. हा कोळसा मोठा विलक्षण आहे. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग उलगडून अंथरला तर तो हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन. टिळकवाडीत दहा गुंठे म्हटल्यावर माणसे उठून उभी राहतात! वाफ त्या जमिनीवर रात्रभर मुक्काम करते. सकाळी इंजिन तापले की पर्ज व्हॉल्व्ह नावाची एक छोटी झडप उघडते, इंजिन कॅनिस्टरमधून हवा ओढते, आणि तिच्याबरोबर आलेली वाफ जाळून टाकते. म्हणजे मोटार रस्त्यावर असली की पुरावा ती स्वतःच गिळते. टिळकवाडीहून शहापूरपर्यंतचे अंतर त्याला पुरेसे होते, आणि रेल्वे गेटला मी इंजिन बंद न करता तिला आणखी वेळ देत होतो.

मेस्त्रींनी "आलात तसं" म्हणून पेट्रोलचा फिल्टर बदलला. वास राहिला. दुसऱ्या मेस्त्रींनी झाकण बदलले. टाकीच्या झाकणाचे रबर कडक झाले की तेथून वाफ सुटते, हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. माझ्या झाकणाच्या रबरावर तर टाकीच्या तोंडाचा ठसा जुन्या पाटावरच्या खाचेसारखा उमटला होता. नवे झाकण आले, चार दिवस वास आला नाही, मी पेढे आणले, आणि पाचव्या दिवशी वास परतला. तिसरे गृहस्थ मोटारींच्या वायरिंगचे काम करणारे. त्यांनी पर्ज व्हॉल्व्ह काढला, शर्टाला पुसला, तोंडात धरला आणि सनईवाल्यासारखे गाल फुगवून फुंकर मारली. ही झडप वीज नसताना बंद असायला हवी. हवा पार गेली तर ती उघडीच अडकली, असे समजतात. हवा पार गेली नाही. झडप शाबूत होती. तरीही त्यांनी ती बदलली, कारण तोंडात घातलेली वस्तू परत बसवणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे.

या तिघांत एका बाबतीत एकमत होते, ते म्हणजे गळती आपल्या हद्दीत नाही. इंजिनवाले म्हणत, टाकीकडे बघा. टाकीवाले म्हणत, वायरिंगकडे बघा. वायरिंगवाले म्हणत, आजकालच्या पेट्रोलकडे बघा. हद्दीचे वाद आम्हाला नवे नाहीत, 1956 पासून आम्ही त्यांच्यासोबतच संसार करीत आहोत. पण त्या वादात निदान दोन्ही बाजूंना प्रदेश हवा आहे. इथे माझी मोटार कोणालाच नको होती.

पेट्रोलवरचा आक्षेप मात्र अगदीच टाकाऊ नव्हता. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि 2008 सालच्या मोटारीतील रबरी नळ्या त्या बेताने केलेल्या नाहीत. जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, ते फुगते, कडक होते, चिरते. आमचा जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा, आणि इथेनॉल होते त्याच उसाच्या मळीतून आणि रसातून. आयुष्यभर मी साखरेच्या वाटेने ऊस खात आलो, आता ऊस माझ्या मोटारीच्या नळ्या खातो आहे, या विचाराने मला थोडे बरेही वाटले. निदान व्यवहार दुतर्फा झाला.

शेजारच्या अण्णांचा प्रवेश इथे झाला. अण्णा निवृत्त आहेत आणि सल्ल्याबाबत अत्यंत उदार आहेत. एका रात्री नऊच्या सुमारास मी पोर्चमध्ये साबणाच्या पाण्याने नळ्यांचे जोड रंगवत बसलो होतो. गळती असेल तेथे बुडबुडे येतात, अशी ती युक्ती. पण मला बुडबुडे सगळीकडेच दिसत होते, कारण साबण सौ.ने सुचवल्यापेक्षा दुप्पट घातला होता. तेवढ्यात अण्णा फाटक ढकलून आले. "सर, एवढं कशाला करूलालासा? हवा कुठनं सुटते ते बघायला सगळ्यात बेस्ट म्हणजे..." असे म्हणत त्यांनी पाठीमागचा हात पुढे केला. त्यांच्या बोटांत पेटवलेली उदबत्ती होती. मोगऱ्याची. तिचे टोक लाल होते आणि अण्णा टाकीच्या दिशेने वाकत होते. त्यानंतरचे दोन सेकंद मला नीट आठवत नाहीत. मी साबणाच्या पाण्याची बादली अण्णांवर ओतली, एवढे सौ.च्या किंकाळीवरून समजले. अण्णा पुढचे आठ दिवस आमच्याशी बोलले नाहीत, आणि पोर्चला मोगरा, साबण आणि पेट्रोल असा संमिश्र वास राहिला.

मग मी माझ्या मूळ पेशाकडे वळलो आणि वही घातली. तारीख, टाकीत किती पेट्रोल, मोटार कोठे गेली होती, ऊन किती, आणि वास: मंद, मध्यम, अथवा 'पाहुणे दारातून परत जातील असा'. अमेरिकेत ही वही मोटार स्वतः ठेवते. तेथे 1996 पासूनच्या मोटारी आपल्या वाफेची गळती आपणच तपासू लागल्या. एक मिलिमीटरचे छिद्र पडले तरी समोर दिवा लागतो, आणि पुढे ती मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आणली गेली. माझ्या मोटारीत असा दिवा नाही. त्या जागी आमच्याकडे पेपरवाला आहे.

दोन महिन्यांनी वही घेऊन बसलो आणि हिशेबनिसाच्या डोळ्याला जे दिसायचे ते दिसले. 'पाहुणे परत जातील असा' ही नोंद तीन वेळा होती, आणि तिन्ही वेळा आम्ही आदल्या दिवशी गोव्याहून आलो होतो. मुलगी म्हापशाला दिलेली असल्यामुळे आमची तिकडे खेप होतेच, आणि गोव्यात पेट्रोल आपल्यापेक्षा काही रुपयांनी स्वस्त असल्यामुळे परतताना साखळीला टाकी फुल्ल केल्याशिवाय घाट चढणारा बेळगावकर मी अजून पाहिलेला नाही.

ही वही काखेत घेऊन मी उद्यमबागेतल्या एका गॅरेजात गेलो. तेथे धूर सोडण्याचे यंत्र आहे असे ऐकले होते. यंत्र खनिज तेल तापवून पांढरा धूर करते आणि वाफेच्या नळ्यांत अगदी हलक्या दाबाने, एक पीएसआयच्याही आत, सोडते. चाकात आपण तीस-बत्तीस पीएसआय हवा भरतो, यावरून अंदाज यावा. मोटार वर उचलली होती. मुलगा वयाने माझ्या भाच्याएवढा, पण गंभीर. तीन-चार मिनिटे काहीच झाले नाही. मग मागच्या उजव्या चाकाच्या वर, टाकीच्या नळीला जेथे वाकण होते तेथून, एक बारीक पांढरी रेघ निघाली, थोडी वर गेली, वळली आणि विरली. हुबेहूब उदबत्ती. अण्णांना हे सांगायचे नाही, असे मी तेथेच ठरवले. मुलाने नळी अंगठ्याने दाबून वाकवली. बाहेरून अखंड दिसणारे रबर आतल्या बाजूने वाळलेल्या तळ्यासारखे तडकले होते.

मला वाटले, संपले. पण त्याने बोनेट उघडून काळा कॅनिस्टर सोडवला आणि माझ्या हातात ठेवला. "सर, धरून बघा. कोळसा एवढा जड असतोय काय?" डबा अपेक्षेपेक्षा चांगलाच वजनदार होता. हलवला तर आत चळक्‌ असा आवाज आला. माझी वही चाळत त्याने विचारले, "पंपावर नोझल कट झाल्यावर परत घालता काय ओ?"

"थोडंसं," मी म्हणालो. "राउंड फिगरपुरतं."

"म्हणजे किती?"

"कधी एक लिटर. कधी दोन."

"तीन," मागून सौ. म्हणाली.

नोझल आपोआप बंद होते तेव्हा टाकीत वाफेसाठी राखलेली रिकामी जागा उरलेली असते. त्या जागेत मी दर महिन्याला स्वस्त पेट्रोल कोंबत होतो. ते वाफेच्या नळीत शिरले आणि कॅनिस्टरपर्यंत गेले. वाफ पकडणारा कोळसा पेट्रोलात भिजला की त्याचे सगळे गुंठे पाण्याखाली. शिवाय पेट्रोल तापले की फुगते: पस्तीस लिटरच्या टाकीत दहा अंशांनी तापमान वाढले तर सुमारे एक तृतीयांश लिटर जास्त होते. आणि घाट? मुलाने सौ.च्या पिशवीतल्या वेफर्सच्या पाकिटाकडे बोट दाखवले. म्हापशाला घेतलेले ते पाकीट चोर्ल्याला पोहोचेपर्यंत उशीसारखे फुगते, हे आम्ही दर खेपेला पाहतो आणि दर खेपेला नवल करतो. साखळी समुद्रसपाटीच्या जवळ, बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर. बाहेरच्या हवेचा दाब आठेक टक्क्यांनी उतरतो. पाकिटाला फुगायला जागा असते, माझ्या टाकीला मी ती ठेवली नव्हती. वाफ वाट काढत कॅनिस्टरकडे जाई, तिथे कोळसा भिजलेला, आणि वाटेत नळी चिरलेली.

नळी एकशे ऐंशी रुपयांची निघाली. कॅनिस्टर नवा घालावा लागला, त्याचा आकडा मी वहीत स्वतंत्र पानावर लिहिला आहे आणि ते पान दुमडून ठेवले आहे. फिल्टर, झाकण, शाबूत झडप आणि पेढे यांचा खर्च 'किरकोळ' या सदरात गेला. अण्णांना मी कुंदा नेऊन दिला, त्यांनी तो घेतला आणि विचारले, "मग गळती सापडली कशी?" मी म्हणालो, "यंत्रानं." त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालेले दिसले नाही.

परवा म्हापशाहून परतताना साखळीला नेहमीच्या पंपावर थांबलो. नोझल खट्‌कन बंद झाले. आकडा होता 1,873 रुपये 46 पैसे. पंपावरच्या मुलाने ओळखीचे हसून विचारले, "राउंड करूं, सायबा?"

मागच्या आसनावरून काहीच आवाज आला नाही. ती शांतता ऐकत मी खिशातून फोन काढला, चौकटीवर ते विचित्र आकडे एकेक करून टाइप केले, आणि दशांशचिन्ह नेमके कोठे असते ते शोधू लागलो.