दुसरी स्पीकर कॅब लावली म्हणून अ‍ॅम्प दुप्पट होत नाही

गिटारवाल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. थोडक्यात तो असा: एकाच खोक्यात स्पीकरही असलेल्या कॉम्बो अ‍ॅम्पचा आवाज बँडमध्ये कमी पडतोय? नवा अ‍ॅम्प घेऊ नका, मागच्या जॅकमध्ये आणखी एक स्पीकर कॅबिनेट, म्हणजे नुसत्या स्पीकरचं खोकं (कॅब), लावा. स्पीकर दोन झाले की वॉट दुप्पट, आवाज दुप्पट. अ‍ॅम्पवर ८ ओहम (स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप) लिहिलंय ना, मग ८ ओहमची कॅब घ्या, जुळलं. केबल गिटारचीच चालते. कॅब जितक्या जास्त वॉटची, तितका आवाज मोठा.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांपैकी काही खिशाला महागात पडतात, काही अ‍ॅम्पला.

आधी वॉट. वॉट अ‍ॅम्प देतो, स्पीकर ते फक्त वापरतो. फेंडर कंपनीच्या डिलक्स रिव्हर्ब कॉम्बोचंच बघा: दोन ६व्ही६ ट्यूब (ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या), २२ वॉट, १२ इंची ८ ओहमचा एक स्पीकर. शेजारी तशीच ८ ओहमची कॅब जोडली की तेच २२ वॉट दोघांत वाटले जातात. आतल्या ट्यूब दोनाच्या चार होत नाहीत.

ही समजूत आली असावी सॉलिड-स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, अ‍ॅम्पवरून, कारण तिथे ओहम कमी झाले की वॉट खरंच थोडे वाढतात. पीव्ही बँडिट ११२ हा तसा कॉम्बो आपल्या ८ ओहमच्या स्पीकरवर ८० वॉट देतो आणि बाहेरची कॅब जोडून ४ ओहम झाले की १००. दुप्पट नाही, सव्वापट. डेसिबलमध्ये हा फरक जेमतेम १ भरतो. ड्रमर वाजवत असेल तर तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

समजा वॉट खरोखर दुप्पट झाले, तरी आवाज दुप्पट होत नाहीच. दुप्पट वॉट म्हणजे ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते.

अर्धं खरं आहे ते इथे. सगळ्यात जाड तारेचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा, त्याची लहर चार मीटरहून लांब. तिच्यासाठी जवळजवळ ठेवलेले दोन स्पीकर म्हणजे एकच मोठा स्पीकर, आणि तेवढ्याच वॉटमध्ये खालचे सूर साधारण ३ डेसिबलपर्यंत वाढतात. आवाज ‘भरदार’ झाला असं लोक म्हणतात ते खोटं नाही. वरच्या पट्टीत मात्र लहर दहा-बारा सेंटिमीटरची असते. तिथे दोन स्पीकरांचे आवाज कुठे एकमेकांत मिळतात, कुठे एकमेकांना खातात, आणि दोन पावलं सरकलात की टोन बदलतो.

‘पण मी स्वतः ऐकलंय, खूप फरक पडतो!’ पडतो, आणि बहुतेक वेळा तो उंचीचा असतो. कॉम्बो जमिनीवर असतो आणि १२ इंची स्पीकर वरचे सूर अरुंद झोतासारखे सरळ समोर फेकतो. ते वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐकू येतात. त्यावर कॅब चढवली की वरचा स्पीकर छातीपर्यंत येतो आणि स्वतःचं वाजवणं पहिल्यांदाच नीट ऐकू येतं. कॅबवर पैसे घालण्याआधी कॉम्बो एकदा खुर्चीवर ठेवून बघा. निम्म्या लोकांचं काम तिथेच होईल असं माझं मत आहे.

आता ओहम. सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच. कॉम्बोवरचा जादा कॅबसाठीचा एक्स्टेन्शन जॅक बहुधा आतल्या स्पीकरला समांतर जोडलेला असतो. समांतर जोडणीत ८ आणि ८ मिळून ४ होतात, ८ नव्हे. म्हणजे ‘जुळलं’ असं वाटतं तेव्हाच अ‍ॅम्पला निम्मेच ओहम दिसत असतात. ८ ला १६ ची कॅब जोडली तर साधारण सव्वापाच ओहम होतात आणि दोन तृतीयांश ताकद ८ ओहमवाल्या स्पीकरकडे जाते.

हे चालतं की नाही, ते अ‍ॅम्पवर ठरतं. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये स्पीकर आणि ट्यूब यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकरचे ओहम निम्मे झाले की ट्यूबना दिसणारे ओहमही निम्मे होतात, आणि त्या जास्त राबतात. डिलक्स रिव्हर्बसारखे फेंडर ८ च्या जागी ४ सहन करतात, दुसरा जॅक त्यासाठीच दिलेला आहे. मार्शलच्या अनेक अ‍ॅम्पवर ४, ८, १६ असा खटका असतो. तो लावायचा कॅबवरच्या आकड्याप्रमाणे नव्हे, सगळे स्पीकर मिळून होणाऱ्या आकड्याप्रमाणे. सॉलिड-स्टेटमध्ये ट्रान्सफॉर्मर सहसा नसतो, म्हणून मागच्या पॅनलवर छापलेल्या किमान ओहमच्या खाली जायचंच नाही. गेलात तर आउटपुट ट्रान्झिस्टर तापून जातात.

उलट दिशेने गंमत अशी की, स्पीकर न लावता सॉलिड-स्टेट सुरू केला तर सहसा काही होत नाही. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये तसं केलं तर ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन किंवा ट्यूबचं सॉकेट जळू शकतं. जुन्या धाटणीच्या फेंडरमध्ये मुख्य जॅक रिकामा राहिला की तो आपोआप शॉर्ट होतो, तो याच भीतीने. म्हणून त्या अ‍ॅम्पवर नुसत्या दुसऱ्या जॅकमध्ये कॅब लावली तर आवाजच येत नाही, आणि लोक कॅब परत करायला निघतात! व्हॉक्सच्या एसी१५ आणि एसी३० कस्टममध्ये दोन वेगळे जॅक आहेत: एक्स्टेन्शनमध्ये लावलं तर आतला स्पीकरही वाजतो, एक्स्टर्नलमध्ये लावलं तर तो बंद होतो. मॅन्युअल वाचा, दुसरा उपाय नाही. जुन्या कॅबवर काहीच लिहिलेलं नसेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमची कॅब सहा-सात ओहम दाखवते, १६ ची बारा-तेरा.

केबलचं एका दमात सांगतो. गिटारच्या केबलमध्ये मधली तार बारीक असते आणि तिच्याभोवती जाळी. ती पिकअपच्या (गिटारच्या तारांची थरथर पकडणाऱ्या भागाच्या) नाजूक सिग्नलसाठी आहे, स्पीकरच्या करंटसाठी नाही. ती तापली किंवा गाण्याच्या मधोमध तुटली, तर ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरविना उघडा पडतो. दोन्ही केबलांची पिन सारखीच दिसते म्हणून हा घोळ होतो. दोन समान जाड तारांची स्पीकर केबलच घ्या.

कॅबवरचे वॉट ही तिची सहनशक्ती असते, आवाज नव्हे. आवाज ठरतो तो सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे एका वॉटमध्ये एका मीटरवर किती डेसिबल मिळतात त्यावर. सेलेशन कंपनीचा ग्रीनबॅक स्पीकर २५ वॉटचा आणि ९८ डेसिबलचा, व्हिंटेज ३० हा ६० वॉटचा आणि १०० डेसिबलचा. पण त्याच सेलेशनचा अल्निको ब्लू फक्त १५ वॉटचा, आणि तोही १०० डेसिबलच देतो. ग्रीनबॅकवरून यांपैकी एखाद्यावर जाण्यातले २ डेसिबल म्हणजे दीडपटीहून जास्त वॉट मिळाल्यासारखं आहे, आणि नुसता स्पीकर बदलणं कॅबपेक्षा सहसा स्वस्त पडतं. सहनशक्तीकडे मात्र दुर्लक्ष नको. २२ वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण पिळला की २२ च्या बराच वर जातो, म्हणून स्पीकर थोडा ऐसपैस असलेला बरा.

मग कॅब घ्यायचीच नाही का? घ्या, पण टोनसाठी. फेंडर आणि व्हॉक्सचे बहुतेक कॉम्बो मागून उघडे असतात. आवाज मागूनही बाहेर पडतो, खोलीभर पसरतो आणि खालच्या सुरांची पकड थोडी सुटते. बाजूला बंद पाठीची कॅब ठेवली की पाम-म्यूट केलेल्या (तळहात तारांवर टेकवून वाजवलेल्या) रिफला घट्ट बूड मिळतं. मला तरी उघडा कॉम्बो आणि बंद कॅब ही जोडी दोन सारख्या कॅबपेक्षा जास्त आवडते. फक्त दोन्ही स्पीकरांची ध्रुवता (धन-ऋण जोडणी) एक हवी. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या केबलच्या पिनच्या टोकाला धन आणि दांड्याला ऋण असा क्षणभर लावा, दोन्ही स्पीकरांचा पडदा एकाच दिशेला हलला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत गेला तर खालचे सूर एकमेकांना मारतात आणि दोन स्पीकर एकापेक्षा पातळ वाजतात. तसं झालं तर एका स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करा.

आणि कार्यक्रमात अ‍ॅम्पसमोर माइक लागणार असेल, तर प्रेक्षकांना ज्याच्यापुढे माइक आहे तोच स्पीकर ऐकू येतो. दुसरी कॅब तिथे फक्त वाजवणाऱ्यासाठी असते.