नव्वद फुटांची पारदर्शक नळी

पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरतो : ‘विद्यापीठांतल्या लॅब म्हणजे पाहुण्यांना दाखवायची खेळणी. खरं संशोधन कंपन्या करतात. आणि कंपनीने प्राध्यापकांना पैसे दिलेच, तर ते तिचीच री ओढणार.’ तीन वाक्यं, तिन्ही ठोकून दिलेली.

आधी खेळणी. अमेरिकेतल्या टल्सा विद्यापीठात डेल बेग्ज आणि जेम्स ब्रिल यांनी खरोखरच खेळण्यासारखी वस्तू वापरली : अ‍ॅक्रिलिकच्या ९० फूट लांब पारदर्शक नळ्या, एक १ इंची, दुसरी दीड इंची. आत तेल नाही, गॅस नाही. साधी हवा आणि पाणी. नळी आडवी, तिरकी, उभी करायची, दोन्ही टोकांचे व्हॉल्व्ह एकदम बंद करायचे आणि आत किती पाणी अडकलं ते मोजायचं. अशा ५८४ चाचण्यांतून, नळीत द्रव किती साचेल आणि दाब किती घटेल हे सांगणारं जे सूत्र १९७३ साली छापून आलं, ते आजही पाइपलाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडता येतं. मुंबई हायसारख्या क्षेत्रात विहिरींच्या प्लॅटफॉर्मवरून तेल, गॅस आणि पाणी एकाच नळीतून प्रोसेस प्लॅटफॉर्मकडे जातं. वाटेत दाब किती घटेल, हा तिथे रोजचा प्रश्न आहे.

कंपन्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत, हे खरंच. ओएनजीसीच्या संशोधन संस्था देहरादूनला आहेत, अहमदाबादला आहेत, आपल्या पनवेललाही आहेत. पण नळीत द्रव कसा साचतो हे कोणा एका कंपनीचं गुपित नाही, सगळ्यांची डोकेदुखी आहे. म्हणून त्याच १९७३ साली टल्सात कंपन्यांनी वर्गणी काढून सामायिक प्रकल्प सुरू केला. वर्गणीच्या गणपतीसारखंच : खर्च वाटून, आरती सगळ्यांची. शिवाय प्रयोग करणारी पोरं पुढे याच उद्योगात नोकरीला लागतात.

राहिली री ओढण्याची गोष्ट. १९७९ साली पेन नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच सूत्र तपासलं. ते नळीतल्या द्रवाचं प्रमाण जास्त दाखवतं, असं निघालं. दुरुस्ती सुचवली : चढावर उत्तराला ०.९२४ ने गुणा, उतारावर ०.६८५ ने. उताराची चूक काही किरकोळ नव्हे. आणि त्या लेखाच्या सहलेखकांत कोण? खुद्द ब्रिल आणि बेग्ज!

मेसेजवाल्याला खरी तक्रारच करायची होती, तर जागा वेगळी होती. अशा सामायिक प्रकल्पांचे अहवाल आधी वर्गणीदारांना मिळतात, बाहेरच्या विद्यार्थ्याला थांबावं लागतं. त्यावर तो गप्प आहे.

आणि प्रवेश घेणाऱ्यांनी लॅब बघायला गेल्यावर मशिन कितीचं हे विचारू नये. मागच्या वर्षी ते किती दिवस चालू होतं, ते विचारावं. लॉगबुकही मागावं.