चौकातला एशू आणि आपला उतारा

ब्राझीलमधल्या एखाद्या चौकात मातीच्या परळात ठेवलेलं लालसर पीठ, शेजारी दारूची बाटली, पेटती मेणबत्ती. असा फोटो मराठी व्हॉट्सअॅप गटांवर फिरला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. 'अंधश्रद्धा सगळीकडे सारखीच', नाहीतर 'अरे, हा तर आपला उतारा!' इथे ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या साल्वादोर शहरात राहून पाहताना मला दोन्ही चुकीच्या वाटतात आणि पहिली जास्त घातक वाटते.

उतारा म्हणजे माणसावरची पीडा काढून तिकाटण्यावर टाकणं. तो ओलांडायचा नसतो. चौकातलं ते पीठ मात्र बहुतेक वेळा नैवेद्य असतो, एशूचा. एशू हा पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा निरोप्या देव. माणसाचं मागणं इतर देवांकडे, म्हणजे ओरिशांकडे, तोच नेतो. चौक, उंबरठा, बाजार ही त्याची ठाणी. आधी त्याला दिलं नाही तर निरोप वाटेत अडकतो किंवा भलतीकडे पोचतो. लोक त्याला नारद म्हणून मोकळे होतात, पण त्याचं नातं गणपतीच्या अग्रपूजेशी जास्त जवळचं आहे. वाट अडवणारा तोच आणि मोकळी करणाराही तोच.

कांदोम्ब्ले हा गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये आणलेल्या आफ्रिकी लोकांनी इथे घडवलेला धर्म. त्याच्या देवळात सोहळा सुरू होण्याआधी हा नैवेद्य बाहेर जातो. ज्या कंदाचा आपण साबुदाणा खातो, त्याचंच भरड पीठ घेतात. साधारण दोन मुठी पिठाला तीन-चार चमचे देंदे, म्हणजे पामच्या गराचं लाल तेल, थोडं थोडं सोडत बोटांनी मिसळतात. एकदम ओतलं की गोळे होतात. पीठ ओलसर पण सुटं राहायला हवं. पामच्या बियांतून काढलेलं तेल मात्र योरुबा परंपरेत एशूला वर्ज्य आहे. काही ठिकाणी पाण्याचा, मधाचा, दारूचा असे वेगळे परळही भरतात. त्यानंतर ओगुन या ओरिशापासून इतर ओरिशांची गाणी सुरू होतात.

याच देवाला मिशनऱ्यांनी सैतान ठरवलं. एकोणिसाव्या शतकातल्या योरुबा बायबलमध्ये सैतानाच्या जागी त्याचंच नाव बसलं. पुढचं काम पोलिसांनी केलं. ब्राझीलच्या 1890 च्या दंडसंहितेत जादू आणि भूतविद्या हा गुन्हा होता. त्या आधारे रिओत देवळांवर धाडी पडल्या, ढोल आणि मूर्ती उचलून नेल्या. अशा 519 वस्तू पोलिसांच्या संग्रहातून प्रजासत्ताक संग्रहालयात गेल्या त्या थेट 2020 साली. बाहियात तर 1976 पर्यंत कांदोम्ब्लेच्या देवळांना पोलिसांकडे नोंदणी करावी लागे. चर्चला असली अट नव्हती. 'अंधश्रद्धा' हा शिक्का इथे काळ्या लोकांच्या पाठीवर उठला, हे फोटोवर शेरा मारताना आपल्याला ठाऊक असायला हवं.

म्हणून आपला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मला मोलाचा वाटतो. श्रद्धा खरी की खोटी यात तो शिरत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणं, एखादीवर करणीचा आळ घेऊन छळणं, अशी कृत्यं तो मोजून सांगतो. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हात लावत नाही. चर्चेत मात्र कायद्याचे समर्थक आणि विरोधक दोघेही श्रद्धा आणि छळ यांच्यातली ही रेघ विसरतात.

बळीच्या वादातही हेच. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने 28 मार्च 2019 रोजी आफ्रिकी वंशाच्या धर्मांमधल्या पशुबळीला मुभा देणारा रिओ ग्रांदे दो सुल राज्याचा कायदा वैध ठरवला. बळीचं मांस शिजवून सगळ्यांत वाटलं जातं, ही गोष्ट तिथे बोलली गेली. जत्रेतल्या बोकडाविषयी बोलताना कत्तलखान्याचा विषय टाळणं मलाही प्रामाणिक वाटत नाही.

चौकातली फुटकी काच आणि झाडाखालच्या मेणबत्तीने लागणारी आग, या तक्रारी मात्र खऱ्या आहेत. त्यावर कांदोम्ब्लेवाल्यांनीच उपाय काढला आहे. अनेक देवळं आता परळाऐवजी एरंडाचं किंवा केळीचं पान वापरतात, दारू जमिनीवर ओततात आणि बाटली घरी परत नेतात.