काचबिंदू, सुया आणि माझी चूक

मंडळी, "अ‍ॅक्युपंक्चरने काचबिंदू बरा, थेंब बंद करा" हा मेसेज सोलापुरात फिरतोय. रविवारी ग्रुपवर तो मीच टाकला होता, न तपासता.

काचबिंदूत दृष्टीची नस सुकत जाते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्याने. सुकलेली नस सुयांनीच काय, ऑपरेशननेही परत येत नाही. थेंब, लेसर सगळं उरलेली नजर राखायला. कॉक्रेन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था; तिच्या २०१३च्या आढाव्यात अ‍ॅक्युपंक्चरच्या उपयोगाचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. (ऑपरेशनने निघतो तो मोतीबिंदू. पूर्व भागातल्या आमच्या काकू दोन्ही एकच समजत होत्या.)

सुया टोचून घ्यायच्या तर घ्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब सोडू नका. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे टाका.